पाठमोरं घर

तो भूकंप नव्हताच, असं पुढे तालुक्याचे साहेब म्हणाले. जमिनीला नुसता हिसका बसला. किल्लारीला होऊन वर्ष उलटलं होतं, तिथं गावंच्या गावं गाडली गेली. त्यापुढे सातबर्डीचं ते काय! माणूस एकही दगावलं नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव म्हणजे सगळी धाब्याची घरं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि सऱ्यांवर दरसाल नवी माती टाकून टाकून जड झालेलं छत. हिसका बसला तशी त्यातली चाळीसएक घरं खाली आली. वना पाटलाचं घर त्यात होतं.

मार्गशीर्षातली दुपार होती. वना वावरातून भाकर खायला घरी आला होता. त्याची बायको यशोदाबाई तीन दिवस तापानं फणफणत मधल्या खोलीत गोधडीवर पडलेली. मुलगा छगन बायकोपोरांसह भुसावळला, रेल्वेत. घरात ही दोघंच. वनानं स्वतः पेज ऊन केली, पितळीत ओतली आणि तिच्या उशाशी बसला. "घोटभर तरी ले," असं म्हणतोय तोच फडताळातली भांडी वाजायला लागली. आधी त्याला वाटलं, गल्लीतून भरला ट्रॅक्टर चालला. मग माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तशी भुई थरथरली आणि वरून मातीचा लोट आला.

वना उठला आणि पळाला.

त्यानं काही ठरवलं नाही. पायांनीच ठरवलं. मधली खोली, ओसरी, अंगण, चौकातला निंब. मागून हाक आली, "ओ छगनना बाप!" ती त्याला स्वच्छ ऐकू आली. पाय थांबले नाहीत. निंबाच्या बुंध्याला हात लागला तेव्हा त्यानं वळून पाहिलं. घर होतं तिथं धूळ उभी राहत होती.

गोठ्यातून पुना धावत आला. हा भिलाटीतला पुना, वनाकडे अकरा वर्षं सालदार, दर अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, वर्षाच्या बोलीवर बांधलेला.

"आबा, अक्का कोठे शे?"

वनानं नुसतं बोट केलं. पुना त्या धुळीत शिरला. ओसरीचा एक सरा तिरपा अडकून खाली भोसका राहिला होता, त्यात तो पोटावर सरपटत गेला. आतून त्याचं खोकणं ऐकू येत होतं, माती उकरल्याचा आवाज येत होता. वना उभाच. किती वेळ, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. मग आतून पुना ओरडला, "आबा, हात द्या!" तेव्हा कुठं त्याचे पाय हलले. भोसक्यातून यशोदाबाईचे दोन हात बाहेर आले, ते वनानं धरले आणि ओढले.

आणि नेमकं त्याच वेळी गल्ली धावत आली. शेजारच्या भटूनं पाहिलं ते एवढंच : मातीनं पांढराफट झालेला वना आणि त्याच्या हातात बायको. पुना अजून भोसक्यातच होता.

"आबानी काढं तिले! एकल्यानी काढं!" भटू ओरडला.

ते तोंडातोंडी गावभर झालं. वनानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुना बाहेर आला, विहिरीवर जाऊन त्यानं हात धुतले. त्याची दोन नखं मुळातून उपटली होती. त्यालाही कोणी विचारलं नाही.

यशोदाबाईचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या टाकून तिला शिरपूरला नेलं, प्लास्टर घालून चौथ्या दिवशी परत आणलं. छगन बायकोला घेऊन आला, आठ दिवस राहिला, रडला, आणि नोकरी म्हणून परत गेला. निंबाखाली ताडपत्री ताणून दोघं राहायला लागली. यशोदाबाई खाटेवर, वना खाली भुईवर. भटूची बायको सुनंदाबाई दोन वेळची भाकर आणून द्यायची आणि दर वेळी म्हणायची, "अक्का, नशीबवान शेत तुम्ही. आसा मानूस कोनले मियस!" यशोदाबाई निंबाच्या पानांकडे पाहायची. ती वनाशी बोलत नव्हती असं नाही. पाणी मागायची, पांघरूण मागायची. पण घर पडल्यापासून तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मिशनचा ट्रक आला. पत्रे, सिमेंट, लाकडी चौकटी आणि सात-आठ माणसं. त्यांचा म्होरक्या धनसिंग पास्टर, नवापूरकडचा मावची आदिवासी, चाळिशीचा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बोलणं शाळामास्तरासारखं, म्हणून सगळे त्याला गुरुजीच म्हणत, पण हात गवंड्याचे. किल्लारीकडे वर्षभर घरं बांधून आलेला. सोबत मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर एस्तेर.

पारावर गाव जमलं. सरपंच जीवराम तात्या उठले. "आज पत्रा देतीन, सकाय गयामा क्रूस घालतीन," ते पास्टरसमोरच म्हणाले.

भटू म्हणाला, "तात्या, थंडीमा पोरे काकडी ऱ्हायनात. क्रूसनं मंग देखू."

धनसिंग हसला नाही, रागावलाही नाही. "आम्ही आमची प्रार्थना आमच्या तंबूत करतो. कोणाला बोलवत नाही, कोणी आलं तर हाकलत नाही. घरं झाली की जाऊ. आमची अट एकच. रोज प्रत्येक घरातला एक माणूस कामावर पाहिजे. आपलं घर झालं म्हणून घरी बसायचं नाही. आणि ज्या घरात माणूस जायबंदी झालंय, ते घर आधी."

"म्हंजे पहिलं घर वना आबानं," कोणीतरी म्हणालं.

सगळे वनाकडे वळले. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली. वनाला वाटलं, धोतर सुटून आपण पारावर उघडे उभे आहोत.

दुसऱ्या दिवशी पडक्याची माती उचलली. तिसऱ्या दिवशी धनसिंग सुतळी आणि फक्कीची पाटी घेऊन आला. त्याची एक रीत होती, घराची आखणी तो घरच्या बाईला विचारून करायचा. पाटलाच्या बाईला परक्या पुरुषानं असं विचारायचं म्हणजे चौकात नवलच झालं. आठ-दहा माणसं तिथं घुटमळली.

"ताई, खोली एकच मिळेल, पण ऐसपैस. चूल कुठं, दार कुठं, ते तुम्ही सांगा."

यशोदाबाई कोपरावर उठून बसली. तिनं मोकळ्या झालेल्या भुईकडे बराच वेळ पाहिलं. मग मधली खोली होती तिकडे हात केला.

"मी तठे निजसू. तठेच दार जोयजे. निजीनिजी मन्हा हात पुरना जोयजे दारले."

"तिथं दार केलं तर ते मागच्या बोळात उघडेल, ताई."

"उघडू द्या."

"पुढेही एक हवं. पण चौकट घरटी एकच आणलीय."

"मंग पुढलं नको. हाईच."

घुटमळणाऱ्यांत खसखस पिकली. मागचा बोळ म्हणजे उकिरड्याचा आणि सांजसकाळ बायकांच्या परसाकडे जायच्या वाटेचा. वना पुढे झाला. आवाज दाबून म्हणाला, "चौकले पाठ करीसन घर बांधस का कोनी? लोके काय म्हनतीन?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हनू द्या."

धनसिंगनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग वाकून बोळाच्या अंगाला फक्कीची रेघ ओढली. वनाची मान जी खाली गेली, ती त्या दिवशी वर आलीच नाही.

काम सुरू झालं. पाया जुनाच, भिंत नवी. धनसिंग शिकवायचा, तीन हातांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार गेला पाहिजे, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहतात. नाहीतर हिसका बसला की दोन्ही दोहीकडे जातात. वना ऐकायचा आणि दगड वाहायचा. पन्नाशी उलटलेली, गेली वीस वर्षं हाताखाली माणसं. तिसऱ्या दिवशी तळवे फुटले. चौथ्या दिवशी कंबर धरली. त्याला ते बरं वाटत होतं. दुखेल तेवढं थोडंच, असं मनात म्हणत तो सगळ्यांत मोठा दगड बघून उचलायचा. लोक म्हणायचे, आबा बायकोसाठी मरमर करतोय.

पुना भिंतीवर होता. पहिल्याच दिवशी धनसिंगनं त्याच्या हाती ओळंबा दिला, आणि आठवडाभरात पुना असा कोपरा उचलायला लागला की मिशनची पोरं थांबून बघायची. वना खाली, पुना वर. वनानं दगड खांद्यावरून वर केला की पुना ओशाळून म्हणायचा, "आबा, तुम्ही नका उचला. मी उतरीसन लिसू."

"ले," वना म्हणायचा. पुनाच्या बोटांना सिस्टरनं चिंध्या बांधल्या होत्या. त्या चिंध्या वनाच्या तोंडासमोर येऊन दगड घेऊन जायच्या. दिवसातून शंभरदा.

एकदा संधी होती. दुपारी दोघंच भिंतीच्या सावलीत भाकर खात होते. वना म्हणाला, "पुना, त्या दिवशी..."

पुना भाकर चावत राहिला. मग म्हणाला, "आबा, जीव सगयासलेच प्यारा ऱ्हास." आणि उठून सिमेंटच्या घमेल्याकडे गेला. त्यानं शिवी दिली असती तर वनाला ते सोपं गेलं असतं.

सिस्टर एस्तेर एक दिवसाआड यायची. प्लास्टरच्या वरच्या अंगाला यशोदाबाईच्या मांडीवर जखम होती, ती धुवायची. त्या दिवशी पाय थोडा उचलून धरायला माणूस लागत होतं.

"आबा, तुम्ही धरा," ती म्हणाली.

वनानं पाय धरला. प्लास्टर थंड होतं, त्याच्यापुढे बोटं सुजलेली, नखांत अजून ती माती. त्याची पकड सैल झाली, तशी सिस्टरनं वर पाहिलं.

"घाबरू नका. ज्यांनी मातीतून बाहेर काढलं त्यांनी एवढं धरायला घाबरायचं? ताई, खरंच एकट्यानं काढलं का हो यांनी तुम्हाला?"

यशोदाबाई निंबाकडे पाहत होती. जवळच सुनंदाबाई टोपल्यात भाकरी घेऊन उभी.

"हा," यशोदाबाई म्हणाली. "त्यासनीच काढं."

पाय हातातून सुटू नये म्हणून वनानं दात आवळले. जखम धुऊन झाली, पट्टी बांधून झाली, सिस्टर गेली. तो गोठ्यात गेला आणि बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभा राहिला. तिनं गावासमोर त्याला उघडं पाडलं असतं तर ते त्याला चाललं असतं. तिनं त्याला झाकलं होतं.

पौष संपता संपता चाळीस घरांवर पत्रे चढले. पाटलाचं घर तेवढं चौकाकडे कोरी भिंत करून उभं. परगावचा माणूस चौकात आला की विचारायचा, दार कुठं हो या घराला? वना संध्याकाळी दारात बसू शकत नव्हता. बायका लोटे घेऊन बोळात आल्या की पदर ओढून माघारी फिरायच्या. स्वतःच्या उंबऱ्यावरून उठून त्याला आत जावं लागे.

जायच्या आदल्या दिवशी मिशननं पारासमोर छोटा कार्यक्रम ठेवला. वरचे दोन पाहुणे जीपनं येणार होते. पुना आदल्या संध्याकाळी म्हणालाही, "सकाय मी बी येसू, आबा. गुरुजीनी सांगेल शे." वनानं मान डोलावली. पण सकाळ उजाडली तशी त्याला ते नको झालं. पाहुण्यांपुढे आपलं कौतुक व्हायचं आणि पुना समोर बसलेला असणार. त्यानं पुनाला हाक मारली.

"गव्हाले पानी दे आज. वीज दुपारलोंग शे."

"आजच?"

"आजच."

पुना फावडं उचलून वावराकडे निघाला.

पाहुणे आले. जीवराम तात्यांनी नारळ दिले. आता तात्यांचाही विरोध मावळला होता. गळ्यात क्रूस कोणाच्याच आला नव्हता आणि डोक्यावर पत्रा होता. धनसिंगनं एक पत्र वाचायला घेतलं. ज्या चर्चच्या मंडळ्यांनी हे सामान दिलं त्यांना पाठवायचं होतं ते. त्यात गावाचं होतं, थंडीचं होतं, आरपार दगडांचं होतं. आणि मग आलं, "...या गावातले वनाजी पाटील यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून पत्नीला ढिगाऱ्यातून काढले..."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांपैकी एक म्हातारे शाल घेऊन उठले. वनाला दोघांनी धरून उभं केलं. शाल खांद्यावर आली, नवी, लोकरीची, टोचणारी.

"मी नही काढं," वना म्हणाला.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. भटू हसत म्हणाला, "आबा लाजी ऱ्हायनात."

"मी नही काढं तिले." या वेळी आवाज फाटला. "पुनानी काढं. पुना भिल. मी पयी गऊ. मी निंबखाले उभा व्हतू."

म्हाताऱ्या पाहुण्यांना काही कळलं नाही. धनसिंगनं त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, तो माणूस कुठं आहे? भिलाटीची माणसं मागे बसली होती, त्यांच्यात पाहुण्यांची नजर फिरली.

"पुना नाही आला?" धनसिंगनं विचारलं. "येतो म्हणाला होता."

"वावरमा शे," मागून एक बाई म्हणाली. ती पुनाची बायको. "आबानी धाडं. सकायमाच."

आता कोणी हसलं नाही. वनाला वाटलं, कोणी हसावं तरी. जीवराम तात्या मांडीवर हात आपटून म्हणाले, "पाहुनासमोर गावनी लाज काढी, वना." सिस्टर एस्तेर खाली मान घालून आपल्या बोटांकडे पाहत होती.

धनसिंगनं पत्राची घडी केली. "हे मी पुन्हा लिहीन," एवढंच तो म्हणाला.

शाल हातात घेऊन वना वावरात गेला. पुना गव्हात होता, गुडघ्यापर्यंत चिखल, फावड्यानं एक वाफा फोडून दुसरा बांधत होता.

"हाई तुन्ही शे," वनानं शाल पुढे केली.

"हात चिखलना शेत. बांधवर ठी द्या." पुना पाण्याकडे पाहत राहिला. "मन्हं नाव सांगं का त्यासले?"

"हा."

"कसाले, आबा? मी काय मांगेल व्हतं?"

वनानं शाल बांधावर ठेवली. मग पुनाच म्हणाला, "गुरुजी म्हनतस, पुढला गावले चाल. गवंडीकाम दिसू. सकाय ट्रक निंघस. मी सांगं, सालदार शे, अखाजी लगून सुटाव नही."

"गहू निंघू दे," वना म्हणाला. "मंग जाय."

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. आताच, गावासमोर एवढं सांगून आलेलं तोंड, आणि त्यातून पहिली गोष्ट निघाली ती ही. पुना "बरं" म्हणून पुन्हा फावडं मारायला लागला. त्याला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. तेच वनाला झोंबलं. तो वहाणा काढून पाण्यात उतरला आणि त्यानं फावड्याचा दांडा धरला.

"ऱ्हाऊ दे गहू. जाय तू. आजच जाय, सामान बांध."

"आबा, तुम्हले जमाव नही."

"नही जमं तर नही जमं."

पुनानं फावडं सोडलं. चारीत पाय धुतले, हात धुतले, ओले हात पैरणीला पुसून शाल उचलली. बांधाच्या टोकाला जाऊन एकदा थांबला, वाफे पाहिले, म्हणाला, "तो चौथा वाफा फुटस. तठे ध्यान द्या." आणि गेला.

चौथा वाफा फुटलाच. पाणी शेजारच्या बांधाखाली गेलं. वनानं उन्हं कलेपर्यंत ते आवरायचा खटाटोप केला, मग मोटर बंद केली आणि चिखलाच्या पायांनी मागच्या बोळानं घरी आला.

यशोदाबाई दाराशी खाटेवर बसली होती. दार उघडं.

"ती सिस्टर येल व्हती," ती म्हणाली.

"काय म्हने?"

"काहीच नही. पट्टी बांधी आन मन्हा कपायवर हात ठेवा. मी तिले खोटं सांगेल व्हतं, तुम्हनासाठे. आते मी खोटी पडनू."

"मन्हा मुये," वना म्हणाला.

बाहेर बोळात बकऱ्या परतत होत्या. वनाला बसावं की उभं राहावं कळेना. पायांवरचा चिखल वाळून तडकत होता.

"माले येकच सांगा," ती म्हणाली. त्याच्याकडे सरळ पाहत. "बठ्ठं गाव काय म्हनस ते मरू द्या. इतला दिन मी मनले समजाडं, धूय व्हती, आवाज व्हता, तुम्हले आयकू नही उनं आशीन. मी हाक मारी, ती तुम्हले आयकू उनी व्हती का?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिनं बहुतेक मानलंही असतं. तिच्या तोंडावर तेच मागणं होतं.

"उनी," वना म्हणाला. "साफ उनी."

यशोदाबाईनं मान डोलावली, आधीच ठाऊक असलेला निरोप कोणी आणून द्यावा तशी. दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून तिनं जरा सरकवला. डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते.

"पाय धुई या," ती म्हणाली. "आन चूल पेटाडा. सांज व्हयनी."